‘प्रक्रिया पूर्ण’ : निर्वात प्लाझ्मा प्रक्रियेच्या स्वयंचलनातील पहिल्या आज्ञावलीची चिकित्सा

सारांश

निर्वात प्लाझ्मा प्रक्रियेचे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरच्या, म्हणजेच रूढ भाषेत पीएलसीच्या, साहाय्याने स्वयंचलन करू पाहणारा नवशिका बहुधा हाताने करावयाच्या कृतींची यादी समोर ठेवतो आणि तिच्यातील प्रत्येक ‘थांबा’ या सूचनेच्या जागी एक टायमर बसवतो. अशा आज्ञावलीत काळ लोटणे हाच घटना घडल्याचा पुरावा मानला जातो. प्रस्तुत लेखात लेखकाने स्वतः रचलेल्या पहिल्या आज्ञावलीची चिकित्सा केली आहे. टायमरने पुढे जाण्याची अनुमती देऊ नये, पुरावा वेळेत न मिळाल्यास थांबवण्याचे काम करावे, असे प्रतिपादन येथे केले असून त्यापासून प्रयोगशाळा-अध्यापनास कोणता बोध घेता येईल याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : निर्वात, प्लाझ्मा, पीएलसी, लॅडर आकृती, टायमर, पुरावा, प्रयोगशाळा-अध्यापन.

१. प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीनच्या पातळ पट्ट्यांवर आर्गॉन प्लाझ्माची प्रक्रिया करण्याचे काम चालू होते. पॉलिथिलीनवर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहतो. प्लाझ्मातून निघालेल्या पट्टीवर तोच थेंब पसरतो. पृष्ठभागात बदल झाला की नाही, हे ठरवण्याची ही साधी कसोटी होय. एके दिवशी नियंत्रकाच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे ‘प्रक्रिया पूर्ण’ अशी अक्षरे उमटली. पट्ट्या बाहेर काढल्या, नोंदवहीत त्यांना क्रमांक दिले, आणि थेंब ठेवला तेव्हा तो मण्यासारखाच उभा राहिला.

चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते असे : प्रक्रिया सुरू झाल्यावर काही मिनिटे वीज गेली होती. पीएलसी यूपीएसवर असल्याने तो चालू राहिला. पंप मात्र थेट वीजपुरवठ्यावर असल्याने थांबला. वीज परतली, परंतु पंपाचा स्टार्टर सुटलेला असल्याने पंप पुन्हा सुरू झाला नाही. थांबलेल्या जुन्या पंपातून हवा चेंबरमध्ये परतली. आज्ञावलीला यातील काहीच ठाऊक नव्हते. तिने दहा मिनिटे मोजली, आर्गॉन सोडला, दोन मिनिटे मोजली, रेडिओ-वारंवारता जनित्रास शक्ती देण्याची आज्ञा केली, पाच मिनिटे मोजली आणि काम संपल्याचे जाहीर केले. प्लाझ्मा एक क्षणही पेटला नव्हता.

त्या दिवशी थेंबाची कसोटी लगेच घेतली म्हणून चूक उघडकीस आली. ती चार दिवसांनी घेतली असती, तर प्रक्रिया केलेल्या पॉलिमरचा गुण कालांतराने उतरतो या सर्वमान्य गोष्टीकडे बोट दाखवून आपण समाधान मानले असते, आणि न झालेल्या प्रयोगाची नोंद झालेल्या प्रयोगांच्या तक्त्यात कायमची बसली असती. या लेखाचा विषय ही यांत्रिक अडचण नसून ‘प्रक्रिया पूर्ण’ हे असत्य विधान आहे. ते यंत्राने केले असले तरी त्याचा कर्ता प्रस्तुत लेखक होता.

२. चिकित्सेचा विषय व पद्धती

यंत्रणा साधी होती. पोलादी चेंबर २० लिटरचे, मिनिटाला १०० लिटर हवा उपसणारा रोटरी पंप, चेंबर व पंप यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह, आर्गॉन आत सोडणारा दुसरा व प्रक्रियेनंतर हवा आत घेणारा तिसरा व्हॉल्व्ह, आर्गॉनचा प्रवाह ठरावीक ठेवणारा नियंत्रक, दाब मोजण्यासाठी पिरानी गेज, आणि १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे जनित्र. ही वारंवारता औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगासाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर राखून ठेवलेली असल्याने प्लाझ्माच्या बहुसंख्य यंत्रणांत ती आढळते.

आज्ञावली लॅडर पद्धतीने लिहिलेली होती. तिच्यात ३१ पायऱ्या होत्या. तिच्याकडे एक संहिता म्हणून पाहावे, संहिता काय म्हणते याबरोबरच ती काय गृहीत धरते व कशाबद्दल मौन बाळगते याचा शोध घ्यावा, ही येथे स्वीकारलेली पद्धती होय. साहित्याच्या अभ्यासकांना ती अपरिचित नाही. तांत्रिक विषयांत मात्र आज्ञावली ‘चालते की नाही’ एवढेच पाहण्याचा प्रघात असल्याने तिचे वाचन क्वचितच होते.

पहिल्याच वाचनात एक गणती डोळ्यांत भरते. या आज्ञावलीत सहा आउटपुट होते : पंप, तीन व्हॉल्व्ह, आर्गॉनचा प्रवाह आणि जनित्र. इनपुट तीन : सुरू करण्याचे बटण, थांबवण्याचे बटण आणि दरवाजाचा स्विच. पिरानी गेज पीएलसीला जोडलेले होते, पण त्याचे वाचन केवळ पडद्यावर दाखवले जाई. एकाही पायरीत ते अट म्हणून आले नव्हते. आज्ञावली बोलत पुष्कळ होती, ऐकत फार थोडे होती. नवशिक्याच्या कोणत्याही आज्ञावलीची पहिली परीक्षा म्हणून इनपुट व आउटपुट यांची अशी तुलना करून पाहावी, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.

३. लॅडरची भाषा

पीएलसीचा जन्म प्रयोगशाळेत झाला नाही, तो मोटारींच्या कारखान्यात झाला. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या नियंत्रण-कपाटांना पर्याय हवा होता. मोटारीचे नमुने बदलले की ही कपाटे नव्याने तारजोडणी करून घ्यावी लागत. डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ मध्ये तेथे पोहोचला. कारखान्यातील वीजतंत्रींना नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून रिलेंच्या जोडणीची आकृती हीच आज्ञावलीची लिपी ठरली. दोन उभ्या रेघा, त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, पायरीच्या डाव्या बाजूस अटी व उजव्या टोकास कॉइल, हे तिचे रूप आजही टिकून आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही तिला स्थान मिळाले.

ही लिपी अनुमती सांगण्यास उत्कृष्ट आहे. ‘दरवाजा बंद असेल आणि पंप चालू असेल आणि दाब पुरेसा उतरला असेल, तरच जनित्रास शक्ती मिळेल’ हे विधान लॅडरमध्ये एका दृष्टिक्षेपात वाचता येते. क्रमाने घडणारी गोष्ट सांगण्यास मात्र ती तितकी सोयीची नाही. नवशिका शिडी वरून खाली वाचतो आणि यंत्रही तसेच एक पायरी संपवून पुढच्या पायरीवर जात असेल असे समजतो. प्रत्यक्षात पीएलसी प्रथम सर्व इनपुट वाचतो, मग सगळ्या पायऱ्या सोडवतो, मग सर्व आउटपुट लिहितो आणि काही मिलिसेकंदांत हेच चक्र पुन्हा सुरू करतो. त्याच्या लेखी सर्व पायऱ्या प्रत्येक चक्रात खऱ्या किंवा खोट्या ठरणारी विधाने असतात.

या गैरसमजाचे फळ लगेच मिळते. प्रस्तुत आज्ञावलीत आर्गॉनच्या व्हॉल्व्हची कॉइल दोन पायऱ्यांत लिहिलेली होती : एकदा स्वयंचलित क्रमासाठी आणि एकदा, बरीच खाली, हाताने तपासणी करण्यासाठी. वरच्या पायरीने व्हॉल्व्ह उघडा असे सांगितले तरी त्याच चक्रात खालची पायरी तो मिटवा असे सांगे, आणि एकाच कॉइलबाबत शेवटचे विधान ग्राह्य धरले जाते. व्हॉल्व्ह उघडेना म्हणून दोन दिवस तारा तपासण्यात गेले. दोष तारांत नव्हता, वाचनात होता.

क्रम सांगण्यासाठी वेगळी साधने उपलब्ध आहेत. फ्रान्समध्ये १९७७ मध्ये आकारास आलेल्या ग्राफसेट या पद्धतीवरून क्रमदर्शक आकृतीची भाषा त्याच मानकात आली. तिच्यात टप्पा आणि टप्पा ओलांडण्याची अट यांना स्वतंत्र जागा असते. ही भाषा वापरली नाही तरी तिचा प्रश्न लॅडर लिहिताना मनात असावा : हा टप्पा संपला असे म्हणण्यास आधार काय?

४. काळ हा पुरावा नव्हे

आज्ञावलीतील पहिला टायमर दहा मिनिटांचा होता. हा आकडा प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदवहीतून आला होता. तेथे ‘पंप सुरू करून दहा मिनिटे थांबावे’ असे वाक्य होते. या दहा मिनिटांचा अर्थ लावून पाहणे उद्बोधक आहे.

चेंबरचे आकारमान व पंपाचा वेग यांचा भागाकार केला असता ०.२ मिनिट, म्हणजे १२ सेकंद, हा कालांक मिळतो. दाब घातांकी रीतीने उतरतो असे मानले, तर १००० मिलिबारपासून ०.१ मिलिबारपर्यंत, म्हणजे दहा हजार पटींनी, उतरण्यास सुमारे ९.२ कालांक लागतात. हा अवधी दोन मिनिटांहूनही कमी भरतो. मग नोंदवही दहा मिनिटे का सांगते? कारण कमी दाबाला पंपाचा वेग मंदावतो आणि भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ सावकाश सुटत राहते. उरलेली आठ मिनिटे प्रामुख्याने या पाण्यासाठी असतात.

पाणी मात्र वर्षभर सारखे नसते. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या दुपारी चेंबर उघडले आणि आषाढात दरवाजा अर्धा तास उघडा राहिला, या दोन प्रसंगांत भिंतींवर बसणारी वाफ वेगळी असते. म्हणजे दहा मिनिटे हा आकडा कोणत्या तरी ऋतूत, कोणत्या तरी पंपाने, कोणत्या तरी तेलाच्या अवस्थेत घेतलेल्या अनुभवाचा सारांश होता. हाताने काम करणारा माणूस हा आकडा अंदाज म्हणून वाचतो व शेवटी गेजकडे पाहतो. आज्ञावलीने तोच आकडा निर्णय म्हणून स्वीकारला, आणि अंदाजाभोवतीची सावधगिरी वाटेत गळून पडली.

५. आज्ञा आणि घटना

दुसरे मौन याहून गंभीर होते. पंपाची कॉइल चालू केली म्हणजे पंप चालू झाला, व्हॉल्व्हला आज्ञा दिली म्हणजे तो उघडला, असे आज्ञावली सर्वत्र धरून चालत होती. पडद्यावरचे हिरवे दिवेही आउटपुटलाच जोडलेले होते. त्यामुळे पडदा आम्हांस यंत्राची स्थिती न दाखवता आमचीच आज्ञा परत वाचून दाखवत होता.

अशा दिव्याची किंमत अणुशक्तीच्या इतिहासात नमूद आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माईल आयलंड येथील दुसऱ्या अणुभट्टीत एक दाबमुक्ती व्हॉल्व्ह उघडा अडकला. नियंत्रण-कक्षातील दिव्यावरून तो मिटल्याचे वाटत होते. परंतु तो दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती न दाखवता त्यास मिटण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच सांगत होता. शीतक दोन तासांहून अधिक काळ बाहेर जात राहिले आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. अणुभट्टी आणि वीस लिटरचे चेंबर यांच्या व्याप्तीत तुलना नाही. पण दिव्याचे व्याकरण एकच आहे. ‘सांगितले’ या क्रियापदाच्या जागी ‘झाले’ हे क्रियापद वापरण्याची ती चूक आहे.

उपाय खर्चिक नव्हता. पंपाच्या काँटॅक्टरवर एक मोकळा सहायक काँटॅक्ट होता; त्याच्यापासून पीएलसीच्या इनपुटपर्यंत दोन तारा ओढल्या असत्या, तर वीज गेल्याची वार्ता आज्ञावलीस तत्क्षणी मिळाली असती. काँटॅक्टर ओढला गेला तरी पट्टा सुटल्यास पंप फिरत नाही, हे खरे. म्हणून दाबाचे वाचन हा दुसरा पुरावा लागतोच. परंतु एकही पुरावा न मागणे आणि एका पुराव्यावर न थांबणे या दोहोंत मोठे अंतर आहे.

६. साक्षीदाराची पारख

गेजला अट म्हणून आज्ञावलीत घेतले की प्रश्न सुटला असे वाटते. येथेच नवशिक्याची दुसरी परीक्षा सुरू होते. कथेतील निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न जसा समीक्षक विचारतो, तसाच तो गेजबाबतही विचारला पाहिजे.

मार्चेल्लो पिरानी यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या या मापकात तापलेल्या तारेपासून वायू किती उष्णता वाहून नेतो यावरून दाबाचे अनुमान होते. म्हणजे गेज प्रत्यक्षात दाब मोजत नाही, उष्णतावहन मोजते. आणि उष्णतावहन वायूच्या जातीवर अवलंबून असते. नायट्रोजनसाठी अंशांकित केलेले गेज आर्गॉनमध्ये कमी वाचन देते. कमी दाबाच्या टप्प्यात खरा दाब वाचनाच्या सुमारे १.६ ते १.७ पट असतो. वातावरणाच्या दाबाजवळ हा फरक फार वाढतो. वेगळा नायट्रोजन सिलिंडर नको म्हणून कोणी आर्गॉननेच चेंबर भरू लागला आणि ‘गेज वातावरणाचा दाब दाखवीपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेव’ अशी पायरी लिहिली, तर चेंबर भरून दाब वातावरणाच्या वर गेला तरी गेज त्याच्या लहानशा अंशावरच रेंगाळेल, आणि काचेच्या खिडकीवर आतून भार येत राहील. ही निव्वळ कल्पना नाही. गेजच्या माहितीपत्रकांत असा इशारा दिलेला असतो. म्हणूनच चेंबरला स्वतंत्र यांत्रिक दाबमुक्ती व्हॉल्व्ह असावा, तो कोणत्याही आज्ञावलीच्या अधीन नसावा.

तिसरी गोष्ट गेजच्या मौनाची. पुष्कळ गेजांत दाब उतरला की आउटपुटचा व्होल्टही उतरतो. तार तुटली की पीएलसीला शून्य व्होल्ट मिळतो, आणि ‘वाचन अमुक मर्यादेच्या खाली गेले तर पुढे जा’ एवढीच अट असेल, तर तुटलेली तार उत्तम निर्वात म्हणून वाचली जाते. उद्योगात ४ ते २० मिलिअँपियर संकेताची रीत रुळली, तिच्यामागे एक कारण हेही आहे : तेथे मोजमापाचे शून्य ४ मिलिअँपियरला असते, त्यामुळे प्रत्यक्ष शून्य प्रवाह आला की साक्षीदार गैरहजर आहे हे कळते. व्होल्टचे गेज असल्यास वाचनाला खालची मर्यादाही घालावी. विश्वास बसणार नाही इतके चांगले निर्वात हे बिघाडाचे लक्षण समजावे.

७. प्लाझ्मा पेटला की नाही

जनित्रास शक्ती दिली म्हणजे प्लाझ्मा पेटतोच असे नाही. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले की दोन इलेक्ट्रोडांमधील वायूत विद्युत्-विसर्जन सुरू होण्यास लागणारा व्होल्ट हा दाब व अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि एका विशिष्ट गुणाकाराला तो न्यूनतम असतो. हवेसाठी हा न्यूनतम व्होल्ट सुमारे ३३० आहे. दाब त्याहून फार वाढला तर इलेक्ट्रॉनला दोन टकरींमध्ये पुरेशी ऊर्जा मिळत नाही. फार उतरला तर टकरीच पुरेशा होत नाहीत. रेडिओ-वारंवारतेच्या विसर्जनात आकडे वेगळे असतात, परंतु दोन्हीकडून बंद असलेली खिडकी तेथेही असते.

हाताने काम करताना हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता, कारण माणूस खिडकीतून आत पाहत असे. उजेड दिसला की घड्याळ लावायचे, हा अलिखित नियम होता. तो इतका स्वाभाविक होता की नोंदवहीत कोणी लिहिला नाही. आणि नोंदवहीत नव्हता म्हणून आज्ञावलीतही आला नाही. आज्ञावलीला डोळा नव्हता. खिडकीवर बसवलेला एक प्रकाशसंवेदक किंवा जनित्राकडून मिळणारे परावर्तित शक्तीचे वाचन, यांपैकी एक जरी अट म्हणून घेतले असते, तरी ‘प्रक्रिया पूर्ण’ हे शब्द उमटले नसते. दोन्ही घेणे इष्ट. कारण प्लाझ्मा नको त्या जागी पेटला तर परावर्तित शक्ती कमी दिसूनही पट्ट्या कोऱ्या राहू शकतात.

८. वीज गेल्यावर

महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी प्रयोगशाळा चालवल्या, त्यांना वीज जाण्याचे नवल नसे. तरीही पहिल्या आज्ञावलीत वीज जाण्याची एकही पायरी नव्हती. पीएलसीला यूपीएस दिला की व्यवस्था झाली, असे समजले गेले. वस्तुतः अर्धी यंत्रणा जिवंत व अर्धी मृत ठेवणारा यूपीएस हा विचार न केल्यास धोकाच ठरतो.

येथे जुन्या रिलेंचे शहाणपण आठवावे. मोटारीच्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परतली तरी कोणी बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. वीज आली म्हणून यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, हा कामगाराच्या हाताचे रक्षण करणारा नियम तेथे तारेतच लिहिलेला आहे. आमच्या यंत्रणेत पंपाचा स्टार्टर त्या दिवशी योग्यच वागला. आज्ञावलीने त्याची दखल घेतली नाही. वीज किंवा पीएलसी परत सुरू झाल्यावर पहिली अवस्था ‘सुरक्षित थांबा’ हीच असावी, जनित्र व वायू बंद असावेत, चेंबर व पंप यांमधील व्हॉल्व्ह वीज गेल्यास आपोआप मिटणारा असावा, आणि पुढे जाण्यास माणसाची संमती लागावी.

याच न्यायाने तातडीने थांबवण्याचे बटण व दरवाजाचा इंटरलॉक हे साध्या पीएलसीच्या आज्ञावलीवर सोडू नयेत. ते स्वतंत्र तारजोडणीने जनित्राची शक्ती थेट तोडणारे असावेत, आणि त्यांचे काँटॅक्ट एरवी मिटलेले असावेत, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबण्याकडेच झुकेल. पीएलसीला त्यांची वार्ता मिळावी. निर्णय मात्र त्याच्या हाती नसावा.

९. टायमरची योग्य जागा

वरील विवेचनावरून टायमर वर्ज्य करावा असा अर्थ निघत नाही. त्याची जागा बदलावी असा निघतो. पहिल्या आज्ञावलीत टायमर म्हणत होता : इतका वेळ गेला, आता पुढे जा. सुधारित आज्ञावलीत तो म्हणतो : इतका वेळ गेला आणि पुरावा आला नाही, आता थांब.

त्यासाठी आज्ञावली लिहिण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा चार रकान्यांचा तक्ता केला : आज्ञा, पुरावा, मुदत आणि अपयशाची वाट. चेंबर उपसण्याच्या टप्प्यात आज्ञा अशी की पंप चालू व्हावा व व्हॉल्व्ह उघडावा. पुरावा असा की काँटॅक्टरचा काँटॅक्ट मिटला आहे, व्हॉल्व्हचा स्थितिदर्शक स्विच लागला आहे आणि दाब सलग ३० सेकंद ०.१ मिलिबारच्या खाली, परंतु गेजच्या विश्वासार्ह कक्षेत, राहिला आहे. मुदत पंधरा मिनिटांची. अपयशाची वाट अशी की व्हॉल्व्ह मिटावा, पुढील टप्पा अडवावा व कारण पडद्यावर यावे. पावसाळ्यात दाब उतरण्यास बारा मिनिटे लागली तरी आज्ञावली तक्रार करत नाही. गळती असल्यास मात्र पंधराव्या मिनिटाला थांबते.

प्लाझ्माची पाच मिनिटे हा खरा प्रक्रिया-काळ असल्याने तेथे टायमर अनुमती देतो. परंतु तोही उजेडाच्या पुराव्याशी बांधलेला आहे : प्लाझ्मा पेटलेला असेल तेवढाच वेळ मोजला जातो, विझला की मोजणी थांबते. इनपुटांची संख्या तीनवरून अकरावर गेली. पायऱ्या वाढल्या, पण वाढलेल्या पायऱ्यांपैकी बहुतेक ‘असे झाले नाही तर’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या आहेत.

१०. अध्यापनाचा प्रश्न

नवशिक्याकडून इतकी अपेक्षा करणे अवाजवी नाही काय, असा आक्षेप येऊ शकतो. पहिली आज्ञावली सदोषच असणार, दोषांतून शिकणे हाच मार्ग, हे मान्य आहे. परंतु हे दोष व्यक्तीच्या अनवधानाचे असते, तर त्यांवर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ते आपण शिकवतो म्हणून घडतात.

पीएलसीच्या प्रात्यक्षिकांत वाहतुकीचा सिग्नल हे नित्याचे उदाहरण असते. सिग्नलमध्ये काळ हीच अट असते. तेथे निव्वळ टायमरची आज्ञावली बरोबरच असते. विद्यार्थी तेथून ही सवय घेऊन बाहेर पडतो आणि जेथे काळाखाली दाब, वाफ, उष्णता दडलेली आहे तेथेही तीच लावतो. बाटल्या भरण्याच्या वा उद्वाहनाच्या प्रात्यक्षिकात निदान स्थिती डोळ्यांना दिसते. निर्वातात काहीच दिसत नाही. जे दिसते ते साधनामार्फत. म्हणून सिग्नलनंतर लगेच असे एक प्रात्यक्षिक असावे, ज्यात शिक्षक मुद्दाम एक तार सोडवून ठेवतो आणि आज्ञावलीला ती उमगते की नाही एवढेच तपासतो.

दुसरा दोष जर्नल लिहिण्याच्या रीतीचा. ‘पंप सुरू केला, दहा मिनिटे थांबलो, वायू सोडला’ अशी वाक्ये विद्यार्थी मागील वर्षाच्या जर्नलवरून उतरवतात. त्यांत निरीक्षण नसते, क्रम असतो. आणि जे निरीक्षण प्रत्यक्षात घडते ते जर्नल न लिहिणाऱ्या माणसापाशी असते. आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सहायक पंपाच्या आवाजावरून दाब ओळखत. आरंभी पंप घरघरतो, हवा उपसली जाते तसा आवाज उतरतो, आणि शेवटी तेलाची कोरडी ठकठक ऐकू येते. ‘सर, आधी आवाज उतरू द्या,’ असे ते नेहमी सांगत. वीज गेली त्या दिवशी ते रजेवर होते. ते असते तर गप्प पंप त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नसता. आज्ञावली लिहिताना नोंदवही उघडली गेली; भाऊंना एकही प्रश्न विचारला गेला नाही. सुधारित तक्त्यातील पुराव्याचा रकाना मात्र त्यांच्याजवळ बसून भरला, आणि त्यातील दोन नोंदी केवळ त्यांच्यामुळे सुचल्या.

यावरून असे म्हणता येईल की स्वयंचलन म्हणजे यंत्राला काम शिकवणे एवढेच नव्हे. आपण ते काम कशाच्या आधारे करत होतो याची ती चिकित्सा आहे. ती न करता केलेले स्वयंचलन अनुभवी माणसाला दूर करते आणि त्याचे ज्ञान मागे ठेवत नाही.

या चिकित्सेला मर्यादाही आहेत. ऑक्सिजनचा प्लाझ्मा करावयाचा असेल तर पंपात साधे खनिज तेल असणे स्फोटास निमंत्रण देणारे ठरू शकते. त्यासाठी फ्लोरिनयुक्त तेल लागते. पंपात कोणते तेल आहे, नळीला कोणता सिलिंडर जोडला आहे, हे पीएलसीला कळत नाही. तेथे तपासणी-सूची, सही आणि माणसाची जबाबदारी यांना पर्याय नाही. जे संवेदकाला कळत नाही ते कोणाला कळले पाहिजे, याचा उल्लेख तक्त्यात असावा.

११. निष्कर्ष

(१) नवशिक्याची पहिली आज्ञावली बहुधा लिखित कृतीचे भाषांतर असते. लिखित कृतीत न आलेली निरीक्षणे तिच्यातून गळतात.

(२) निर्वात प्लाझ्मा प्रक्रियेत काळ, आज्ञा व एकट्या गेजचे वाचन यांपैकी काहीही स्वतंत्रपणे पुरेसा पुरावा नाही.

(३) प्रक्रिया-काळ वगळता टायमरचा उपयोग संशय व्यक्त करण्यासाठी करावा. पुढे जाण्याची अनुमती पुराव्याने द्यावी.

(४) पीएलसीच्या अध्यापनात आज्ञा, पुरावा, मुदत व अपयशाची वाट यांचा तक्ता लॅडरच्या आधी यावा, आणि तो प्रयोगशाळा सहायकांसमवेत भरला जावा.

सुधारित यंत्रणेच्या पडद्यावर आता ‘प्रक्रिया पूर्ण’ असे येत नाही. प्लाझ्मा एकंदर किती सेकंद पेटलेला होता, त्या काळात दाब किती ते किती राहिला आणि परावर्तित शक्ती किती होती, एवढे तीन आकडे येतात, आणि नोंदवहीत तेच उतरवले जातात. प्रक्रिया पूर्ण झाली की नाही, हे ते आकडे पाहून व पट्टीवर थेंब ठेवून माणसाने ठरवायचे असते.